चित्रातल्या माणसाला मारण्याविषयी

पिठाच्या कोंबड्याचा बळी दिल्याने पाप लागते की नाही, असा प्रश्न आज कुणी केला तर त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे फार थोड्यांना वाटेल. परंतु हजार वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या जैन पंडितांनी याच प्रश्नावर आपली विद्या आणि प्रतिभा पणाला लावली होती, आणि पाप लागते, असा त्यांचा निःसंदिग्ध निर्णय होता. त्यांनी सांगितलेल्या कथेत उज्जयिनीचा राजा यशोधर राणीच्या दुर्वर्तनाने विरक्त होतो, घर सोडायला निमित्त हवे म्हणून आपल्याला दुःस्वप्न पडल्याचे आईला सांगतो, आणि आई चंद्रमती त्या स्वप्नाच्या शांतीसाठी देवीपुढे पशूचा बळी देण्याचा आग्रह धरते. राजा अहिंसेचा पक्षपाती खरा, पण आईचा शब्द मोडवत नाही. तेव्हा जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा करून त्याच्यावर शस्त्र चालवावे, अशी तडजोड निघते. त्या तडजोडीचे फळ मायलेकरांना मोर, कुत्रा अशा एकामागून एक तिर्यंच योनींत जन्म घेऊन आणि दर जन्मी कुणाच्या तरी हातून मरून भोगावे लागते. सोमदेवसूरींनी या कथेवर रचलेला 'यशस्तिलकचंपू' राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळात, इ. स. ९५९ मध्ये पुरा झाला. १२०९ मध्ये जन्न कवीने हीच कथा कानडीत गायिली. कृष्णकांत हंदिकी यांनी यशस्तिलकावर लिहिलेला मोठा इंग्रजी ग्रंथ १९४९ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत निघाला, आणि त्या मालेच्या संपादकांत आमच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये होते. म्हणजे हा पिठाचा कोंबडा कोल्हापूरला परका नाही.

पीठ अचेतन आहे, त्याला वेदना नाही, त्याच्या मागे रडणारे कुणी नाही, मग पाप कशाचे, असा आक्षेप कुणीही घेईल, आणि तो आक्षेप या पंडितांना ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. त्यांचे उत्तर असे की, हिंसेचे अधिष्ठान मरणाऱ्याच्या देहात नसून मारणाऱ्याच्या चित्तात आहे. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्राणहरणाच्या आधी प्रमत्त वृत्ती घातली. अमृतचंद्राचार्य तर पुढे जाऊन म्हणतात की रागद्वेषादिकांचा उद्भव हीच हिंसा, आणि कषायाने, म्हणजे क्रोधादी विकारांनी, पेटलेला माणूस दुसऱ्या कुणाचा घात करण्यापूर्वी स्वतःचाच घात करून बसलेला असतो. राजाने शस्त्र उचलले तेव्हा त्याच्या हाताखाली पीठ होते, पण त्याच्या संकल्पात प्राणी होता आणि त्या प्राण्याच्या मरणापासून मिळणारे फळही होते.

या सिद्धांताची खरी कसोटी मला आजच्या काळात एका अशा वस्तूत दिसते, की जिची कल्पना सोमदेवसूरींना असणे शक्य नव्हते. रस्त्यावरच्या गुंडांशी हाणामारी करण्याचे जे व्हिडिओ गेम गेली तीन-साडेतीन दशके आपल्या मुलांच्या हातांत आहेत, त्यांत मारायचा तो केवळ प्रकाशाचा आकार असतो, पिठाइतकेही जडत्व त्याला नसते. आणि मारणाऱ्याचा हात मात्र खरा असतो, त्या हाताचा आवेश खरा असतो.

कोल्हापुरातली शाहूपुरी ही शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली व्यापारी पेठ. गुळाच्या रव्यांनी भरलेल्या गाड्या, अडत्यांची दुकाने, कुंभार गल्लीतल्या गणपतींच्या ओल्या मूर्ती आणि जवळच रेल्वेचे स्टेशन, अशा या भागात नव्वदीच्या आरंभी एका अरुंद गाळ्यात लाकडी पेट्यांची रांग लागली होती. पेटीत पडदा, पडद्यासमोर एक दांडा आणि दोन गुंड्या, आणि खाली नाणे टाकण्याची फट. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८९ साली काढलेला 'फायनल फाइट' नावाचा खेळ त्या रांगेत होता, आणि तो मी तरुण वयात मनापासून खेळलो आहे. मेट्रो सिटी नावाच्या शहरात मॅड गिअर ही टोळी माजली आहे. हॅगर नावाचा तिथला नवनिर्वाचित महापौर टोळीशी हातमिळवणी करीत नाही म्हणून टोळी त्याच्या मुलीला पळवून नेते. आणि तो कचेरीत फिर्याद नोंदवीत बसण्याऐवजी अंगातला सदरा उतरवून स्वतः रस्त्यावर येतो. हा महापौर पूर्वाश्रमीचा कुस्तीगीर. गाळ्यातली पोरे त्याचे नाव न घेता त्याला नुसते 'पैलवान' म्हणत, आणि दुसरे दोन वीर निवडता येत असूनही पहिला हक्क सांगितला जाई तो पैलवानावर. खासबागेच्या कुस्तीमैदानाच्या गावात दुसरे काय होणार!

त्या खेळाची रीत नीट पाहिली तर तिच्यातून एक संपूर्ण विश्वकल्पना दिसते. समोरून गुंड येतो, त्याचे नाव आणि त्याची जीवनरेषा पडद्याच्या वरच्या अंगाला झळकते. ठोसे बसतील तशी ती रेषा आटत जाते. शेवटच्या ठोशाने तो आडवा होतो, दोन-चार वेळा लुकलुकतो आणि नाहीसा होतो. पुढच्या वळणावर तोच देह, तोच चेहरा, निराळ्या रंगाचे कपडे आणि निराळे नाव घेऊन पुन्हा हजर. वाटेतली पिंपे फोडली की आत कधी पैसा सापडतो, कधी भाजलेले मांस सापडते, आणि ते मांस उचलले की आपली आटलेली जीवनरेषा पुन्हा भरते. चहूबाजूंनी वेढले गेल्यावर दोन्ही गुंड्या एकदम दाबल्या तर आपला वीर गरगरा फिरून सगळ्यांना लोळवतो, मात्र तो फटका दुसऱ्याला लागताक्षणी आपल्याही आयुष्यातला थोडा अंश खर्ची पडतो. अमृतचंद्राचार्यांच्या वचनाशी या शेवटच्या नियमाचे साम्य मला फार उशिरा ध्यानात आले, आणि ते ध्यानात आल्यापासून त्या गरगर फिरणाऱ्या पैलवानाकडे पूर्वीच्या डोळ्यांनी पाहणे मला जमलेले नाही.

कॅपकॉमने २०१८ साली आपल्या जुन्या खेळांचा एक संच पुन्हा बाजारात आणला आणि त्यात हाही होता. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात दोन भाऊ आहेत, थोरला सातवीत आणि धाकटा तिसरीत. त्यांच्या घरी हा संच आला आणि एका सुट्टीत मी तिथे बसलो होतो. घर जैनांचे, सूर्यास्तानंतर चूल बंद, कांदा-बटाटा वर्ज्य. मुलांची आई दाराशी उभी राहून बराच वेळ ती मारामारी पाहत होती, आणि तिने काही हरकत घेतली नाही. पण थोरल्याने पिंप फोडून आतली कोंबडी उचलली तेव्हा ती एकदम पुढे आली.

"अरे, ते काय खातोयस तू? कोंबडी आहे ना ती?"

"आई, खाल्लं नाही तर मरतोय मी," पडद्यावरची नजर न हलवता तो म्हणाला.

तिने माझ्याकडे वळून विचारले, "काका, तुम्हीच सांगा, हे चालतं का?"

बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. वीस माणसे लोळवलेली चालतात आणि चित्रातली कोंबडी चालत नाही, हे कसे? परंतु त्या माउलीच्या मनात जी शंका आली ती हजार वर्षांच्या संस्कारातून आली होती, आणि यशोधराच्या कथेचे मर्म तिला न शिकवता ठाऊक होते. या कथेच्या काही पाठांत बळी दिलेले पीठही मांस समजून खाल्ले जाते, आणि संकल्पदोषाची परिसीमा तिथेच होते. मुलाच्या तोंडात काहीही गेले नव्हते. गेली होती ती कल्पना, की जगायचे तर हे खाल्लेच पाहिजे. आणि 'खाल्लं नाही तर मरतोय मी' हेच तर जगातल्या प्रत्येक हिंसेचे पहिले समर्थन असते!

तिला लगेच उत्तर देणे मला साधले नाही, कारण जैन श्रावकाचाराकडे पाहिले तर निकाल तिच्या बाजूने लागतो आणि तो निकाल बराच कठोर आहे. समंतभद्रांनी रत्नकरंडात गृहस्थाच्या व्रतांमध्ये अनर्थदंडविरती सांगितली आहे. ज्या पापाने पोट भरत नाही, घर चालत नाही, कुणाचे रक्षण होत नाही, असे निष्प्रयोजन पाप म्हणजे अनर्थदंड. आणि त्याच्या पाच प्रकारांत अपध्यान, म्हणजे दुसऱ्याच्या वधबंधनाचे मनात चिंतन, आणि दुःश्रुती, म्हणजे चित्त कलुषित करणाऱ्या गोष्टी ऐकणे, हे दोन स्पष्ट सांगितले आहेत. शेतकऱ्याच्या नांगराखाली जीव मरतात, त्याला शास्त्र समजून घेते, कारण तिथे प्रयोजन आहे. करमणुकीसाठी केलेल्या मानसिक हिंसेला मात्र ते सवलत देत नाही. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. पाप किती मोठे, एवढेच आपण सामान्यतः विचारतो. ते कशासाठी केले आणि त्यावाचून अडले होते काय, हे विचारण्याची सवय या व्रताने लावली.

तरीसुद्धा हा निकाल जसाच्या तसा मान्य करायला माझे मन तयार होत नाही, कारण मग वीर आणि रौद्र या रसांचे सारे काव्यच अनर्थदंडात जमा करावे लागेल, आणि खुद्द जैन कवींनीही युद्धांची वर्णने हात राखून केलेली नाहीत. काव्यातला क्रोध रसिकाचा स्वतःचा उरत नाही, तो साधारण होतो, म्हणूनच तो आस्वाद्य होतो, असे आपले साहित्यशास्त्र सांगते. मात्र नाटक पाहणाऱ्याचा हात मांडीवर असतो आणि इथे तो गुंडीवर असतो. प्रेक्षकाला दुःशासनाचा वध दिसतो, खेळणाऱ्याला तो करावा लागतो. तेव्हा रसाची ढाल इथे अर्धीच उपयोगी पडते.

अधिक चांगला दाखला आमच्याच गावात आहे. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले, आणि कोल्हापूरच्या मातीत घडलेले श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. आखाड्यात माणूस माणसाला खरोखर आपटतो, हाड मोडण्याचे भय खरे असते, श्वास कोंडतो तोही खरा. असे असून तालमीला कुणी पापाचे ठिकाण म्हटलेले नाही; उलट तिथे मारुतीचे स्थान असते आणि मातीत पाऊल टाकण्यापूर्वी तिला हात लावून तो कपाळाला नेतात. कारण काय? बळाला नियम आहे हे एक कारण. पण मला त्याहून महत्त्वाचे दिसते ते हे, की चीतपट झालेला मल्ल उठतो, त्याच्या पाठीला माती लागलेली सर्वांना दिसते, जिंकणारा त्याला हात देतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दोघेही पुन्हा जोर काढायला आपापल्या तालमीत असतात. पडलेला माणूस तिथे नाहीसा होत नाही.

दुसरा दाखला त्र्यंबोलीच्या यात्रेचा. आश्विन शुद्ध पंचमीला अंबाबाईची पालखी शहराच्या पूर्वेकडील त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि तिथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो. तो कोहळा म्हणजे कोल्हासुर. देवीने त्याला मारले तो प्रसंग दरवर्षी एका फळावर पुन्हा घडवला जातो. फुटलेल्या फोडी मिळवण्यासाठी माणसांची अशी झुंबड उडते की बंदोबस्ताच्या पोलिसांना गर्दी आवरणे कठीण होते. तत्त्वतः पाहिले तर हा कोहळा आणि यशोधराचा कोंबडा यांत भेद काय? दोन्हीकडे प्रतिमेवर शस्त्र, दोन्हीकडे देवीपुढे वध, दोन्हीकडे वधापासून फळाची अपेक्षा. जैन दृष्टीने भेद नाही असेच कदाचित म्हणावे लागेल. पण स्थलपुराणातली पुढची हकीकत मला विसरता येत नाही: मरताना कोल्हासुराने मागणे मागितले की हे क्षेत्र माझ्या नावाने ओळखले जावे, आणि देवीने ते मान्य केले. आम्ही सारे ज्या गावाचे नाव पत्त्यात लिहितो ते त्या मारल्या गेलेल्याचे नाव आहे. जिंकणारी देवता गाभाऱ्यात आहे आणि हरलेला प्रत्येक दुकानाच्या पाटीवर, प्रत्येक सातबाऱ्यावर, प्रत्येक रेल्वे तिकिटावर आहे. वध झाला, विसर पडू दिला नाही.

खोट्या हिंसेचा न्याय करताना घाव किती जोराचा होता हे पाहण्यापेक्षा, पडलेल्याचे पुढे काय झाले हे पाहावे, असे मला वाटते ते या दोन दाखल्यांवरून. मी आयुष्याची बरीच वर्षे फौजदारी न्यायालयाच्या दप्तरात काढली. दोन पोरांची कुठल्या तरी कोपऱ्यावर बाचाबाची होते, एकाच्या हातात सायकलची साखळी येते, आणि मग ती साखळी आणि दुसऱ्याचा फाटलेला सदरा लाखेची मोहर लावलेल्या पाकिटातून मुद्देमालाच्या खोलीत येऊन पडतात. पाकिटावर पंचांच्या सह्या, गुन्ह्याचा क्रमांक, कलम. जबाब, पंचनामा, तारखा, तहकुबी. सीपीआर रुग्णालयाचा दाखला. जामिनासाठी सातबारा घेऊन आलेला कुणाचा तरी म्हातारा बाप. डागाचा रंग तांबड्याचा तपकिरी होतो, मोहरेची लाख तडकते, आणि फैसला लागेपर्यंत त्या सदऱ्याचा मालक नोकरीला लागलेला असतो किंवा कायमचा अधू झालेला असतो. रस्त्यावरचा एक ठोसा इतक्या कागदांतून आणि इतक्या माणसांच्या आयुष्यांतून वाहत जातो. तो लुकलुकून नाहीसा होत नाही.

पडद्यावरच्या त्या शहरात मला जे खटकते ते हे. ठोशांची संख्या मला खटकत नाही, गुंडांचे गुंड असणेही खटकत नाही; खटकते ते कर्माचे फळ त्या विश्वातून वजा केलेले असणे. आपल्या देशात निर्माण झालेली दर्शने ईश्वराविषयी भांडली, आत्म्याविषयी भांडली, वेदांच्या प्रामाण्याविषयी तर अजून भांडतात. परंतु केलेले कर्म भोगल्यावाचून सुटत नाही, याविषयी चार्वाक सोडल्यास जवळजवळ सर्वांचे एकमत आहे. बारा वर्षांच्या मुलाने तासन् तास अशा जगात वावरावे की जिथे कर्म आहे आणि विपाक नाही, देह आहे आणि प्रेत नाही, शत्रूला नाव आहे पण आई नाही, हे चार्वाकाने न मागितलेले दान आहे.

नंतरच्या खेळांत तर ही वजाबाकी अधिक धीट झाली. २००२ साली निघालेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो: व्हाइस सिटी'मध्ये खेळणारा स्वतःच गुन्हेगार असतो, गुन्ह्याच्या मानाने पडद्यावर एकापासून सहापर्यंत तारे उमटतात आणि पोलीस मागे लागतात, पण एका विशिष्ट गॅरेजात गाडी घालून तिला नवा रंग दिला की तारे मावळतात आणि पाठलाग थांबतो. पकडले गेलात तर शस्त्रे जप्त होतात, थोडी रक्कम वजा होते आणि ठाण्याच्या पायरीवर पुन्हा मोकळे. मनुस्मृतीने पापातून सुटण्याचे उपाय सांगताना पाप बोलून दाखवणे आणि त्याचा अनुताप होणे यांना अग्रस्थान दिले; जैनांच्या प्रायश्चित्तांत आलोचना, म्हणजे दोष बोलून दाखवणे, आणि प्रतिक्रमण, म्हणजे त्या दोषापासून मागे फिरणे, ही आरंभीच येतात. दोन्ही परंपरांत तोंड उघडावे लागते. रंगाच्या नव्या हातात तोंड उघडण्याची गरज नाही, आणि शासनाची जागा शुल्काने घेतली आहे. प्रौढ माणसाला हे उपहासचित्र म्हणून कळेल. ज्याने खरे प्रायश्चित्त अजून पाहिलेलेच नाही त्या मुलाला ते उपहासचित्र म्हणून कसे कळावे?

हे सगळे त्या दिवशी शेजाऱ्यांच्या घरी मी बोललो नाही. बोलण्याची वेळ येण्यापूर्वीच एक गोष्ट घडली. 'फायनल फाइट'मध्ये दोघे जोडीने खेळत असले तरी एकाचा ठोसा दुसऱ्याला लागतो. धाकट्याची जीवनरेषा अगदी संपत आली होती, पुढच्या पिंपातून मांस निघाले, आणि तो तिकडे वळताच थोरल्याने आधी त्याला एक ठोसा मारून पाडले आणि मांस स्वतः उचलले. क्षणभराने गुंडांनी धाकट्याला संपवले. त्याने हातातला दांडा खाली ठेवला, भावाच्या दंडाला धरून त्याला हलवले, आणि थोरल्याने पडद्यावरून नजर न काढता कोपराने त्याला ढकलून दिले. धाकटा पलंगाच्या कडेवर आपटला.

आई कोंबडीकडे पाहत होती आणि मी ठोशांचा विचार करीत होतो. त्या खोलीत ज्याला खरोखर दुखले असा जीव एकच होता, आणि त्याच्याकडे आमच्यापैकी कुणाचेच लक्ष नव्हते. थोरला दुष्ट नाही. शाळेतून येताना धाकट्याचे दप्तर तोच आणतो. पण गेला अर्धा तास तो अशा जगात होता, जिथे पडलेला आपोआप नाहीसा होतो आणि खेळ पुढे सरकतो. त्या जगाचा नियम त्याने न कळत दोन हात इकडे आणला. अपध्यान चित्त मलिन करते असे समंतभद्र म्हणतात तेव्हा त्यांना हेच म्हणायचे असणार, की मनात घोळवलेली हिंसा कुठे तरी साठते आणि मग जो सर्वांत जवळ असेल त्याच्यावर उतरते.

तेव्हा मी त्या बाईंना उत्तर दिले ते असे: कोंबडी चित्रातली आहे, तिचे पाप असलेच तर फार सूक्ष्म आहे, आणि खेळ बंद करा असे मी सांगणार नाही, पण तुमच्याकडे संध्याकाळी प्रतिक्रमणाला मोठी माणसे बसतात, तिथे या दोघांनाही बसवा, आणि पडद्यावर काय केले ते न विचारता, आज एकमेकांशी कसे वागलो तेवढे त्यांना सांगू द्या. त्यांनी ते मनावर घेतले. पहिल्या संध्याकाळी थोरल्याने कैफियत मांडली की धाकट्यानेच आदल्या फेरीत आपल्याला मागून मारले होते. धाकट्याने ते नाकबूल केले, मग थोड्या वेळाने कबूल केले, आणि पलंगाच्या कडेने खरचटलेले कोपर पुढे करून दाखवले. थोरला ते कोपर बराच वेळ निरखून पाहत होता, असे त्यांच्या आईने मला सांगितले. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस खेळ कपाटात ठेवायचा, हे त्यानंतर त्या दोघांनी आपसांत ठरवले.